दादाचा बोर्ड

मेहकरात फ्लेक्स छापणाऱ्या एका दुकानात मी आठ वर्षांपासून डिझाइनचं काम करते. वाढदिवस, वास्तुशांती, जयंती, श्रद्धांजली, सगळे बोर्ड माझ्या कॉम्प्युटरवरून जातात. या कामानं मला एक खोड लागली आहे. कुठल्याच फोटोवर माझा विश्वास बसत नाही. श्रद्धांजलीतल्या म्हाताऱ्याच्या डोक्यावरचा फेटा मी बसवलेला असतो आणि वाढदिवसवाल्या पुढाऱ्याची दुसरी हनुवटी मी पुसलेली असते. लोक चौकातून जाताना बोर्ड वाचतात. मी त्यात काय लपवलंय ते शोधत जाते.

ही खोड नसती तर पुढचं घडलं नसतं असं मला कधी वाटतं. कधी उलटंही वाटतं.

आमच्या गावात सहा महिन्यांच्या अंतरानं दोन जिम निघाल्या. पहिली काढणारा पोरगा बरीच वर्षं पुण्यात एका मोठ्या जिममध्ये ट्रेनर होता. परत आला तो तिकडची भाषा घेऊन, म्हणून गाव त्याला पुणेवाला म्हणायचं. हार्डवेअरच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यानं जिम थाटली आणि माझ्याकडून बोर्ड केला, ‘मेहकरमधील पहिली वातानुकूलित जिम’. दुसरी निघाली ती बायपासजवळच्या जुन्या गोदामाच्या शेडमध्ये. ती काढणारा साखरखेर्ड्याकडच्या मोठ्या शेतकरी घरातला, चाळिशीचा, हळू बोलणारा माणूस. त्याला गाव शेडवाला म्हणू लागलं. तो आला आणि म्हणाला, “ताई, लिहा, विदर्भातील पहिली.”

“पहिली कशी? गावातच एक आहे.”

“एवढ्या मशीनची पहिली.”

“मग मशीनचं लिहू का?”

“नाही. नुसतं पहिली लिहा. लोक विचारत नाहीत.”

त्याचं खरं होतं. लोकांनी विचारलं नाही. मी मात्र त्याच दिवशी मनात त्याच्या नावापुढे एक खूण केली.

मग दोघांची जुंपली. एकानं महिलांसाठी वेगळी वेळ लिहिली की दुसरा महिलांसाठी महिला ट्रेनर लिहायचा. एकानं टी-शर्ट मोफत दिला की दुसरा नवराबायकोला एका फीमध्ये घ्यायचा. पुणेवाल्यानं बोर्डाखाली ‘आमची कुठेही शाखा नाही’ असं लिहून घेतलं, मिठाईच्या दुकानावर असतं तसं. म्हणजे शेडवाल्याची जिम आपली नाही, हे गावाला कळावं. एकदा दोघंही दोन दिवसांच्या फरकानं मोबाइलमध्ये एकच फोटो घेऊन आले. इंटरनेटवरचा कुठलातरी गोरा माणूस, उघडा, अंगाला तेल लावलेला. मी एकाला तो सरळ दिला आणि दुसऱ्याला आरशातल्यासारखा उलटा करून. एकाच्या बोर्डावर गोंदण डाव्या दंडावर, दुसऱ्याच्या उजव्या. कोणाच्या लक्षात आलं नाही.

दोघंही माझ्याकडे संशयानं पाहायचे. पुणेवाला आला की आधी विचारायचा, “तो येऊन गेला का?” शेडवाला काही विचारायचा नाही. खुर्चीवर बसून माझ्या स्क्रीनकडे पाहत राहायचा. ते मला जास्त खटकायचं. मी मॉनिटर थोडा तिरका करून ठेवू लागले.

माझा मोठा भाऊ सुलतानपूरच्या शाळेत कारकून आहे. मोटरसायकलनं जातो-येतो. माझं सासर आणि माहेर एकाच गावात, त्यामुळे दादा आणि वहिनी दोन गल्ल्या सोडून राहतात. दादा लहानपणापासून जाड. शाळेत त्याला काय काय म्हणायचे ते मी ऐकलेलं आहे. तो हसण्यावारी न्यायचा. चाळिशी ओलांडल्यावर शाळेचा जिना चढताना त्याला दम लागायला लागला. एका दिवशी कोणाला न सांगता तो पुणेवाल्याच्या जिममध्ये जाऊन नाव घालून आला. घरी वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, “आठ दिवस जातीन, मंग बसतीन घरी.”

दादा आठ दिवसांनी बसला नाही. रोज पहाटे साडेपाचला उठून जायचा. भात सोडला, चहातली साखर सोडली, विहारात रविवारच्या वंदनेनंतर खीर असायची ती सोडली. पहिल्या महिन्यात थोडं वजन उतरलं, दुसऱ्या महिन्यात तेवढंच. तिसऱ्या महिन्यात मात्र ते असं उतरायला लागलं की पॅंटचा पट्टा धरून चालावं लागे. वहिनीनं पट्ट्याला नवी भोकं पाडली. पुन्हा पाडली.

पुणेवाला एका सकाळी दुकानात आला आणि म्हणाला, “ताई, तुमच्या भावाचा बोर्ड करायचा. आधी आणि नंतर.”

असे बोर्ड कसे होतात ते मला माहीत होतं. आधीचा फोटो काळपट करायचा, माणसाला पोट सोडून उभं करायचं. नंतरच्या फोटोत श्वास ओढून घ्यायला लावायचा, बाजूनं उजेड पाडायचा. पुष्कळदा दोन्ही फोटो एकाच दिवसाचे असतात. पण इथे माझा भाऊ होता आणि त्याचं वजन खरंच उतरलं होतं. मी म्हणाले, “फोटो मी काढीन. आणि त्यात काही करणार नाही.”

“काही करायची गरजच नाही,” तो म्हणाला.

आधीचा फोटो माझ्याकडेच होता, वर्षभरापूर्वीच्या एका कार्यक्रमातला, विहाराच्या पिवळ्या भिंतीसमोरचा. मी दादाला त्याच भिंतीसमोर त्याच वेळेला उभं केलं. तोच निळा शर्ट घालायला लावला. शर्ट त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. मी म्हटलं, “पोट ओढू नको, दादा.”

“ओढाले आता राह्यलंच काय?” तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका खूश मी लग्नातही पाहिला नव्हता.

वीस बाय दहाचा तो बोर्ड बसस्टँडसमोर लागला. आठ वर्षांत मी केलेला तो पहिला बोर्ड होता ज्यात मी काहीच खोटं केलं नव्हतं. लोक दादाला थांबवून हात मिळवायचे. सुलतानपूरच्या शाळेतल्या शिक्षकांनी त्याचा सत्कार केला. पुणेवाल्याच्या जिन्यावर चपलांचा ढीग दिसायला लागला. दादा बोर्डाखालून जाताना मोटरसायकल हळू करायचा, हे मला वहिनीनं सांगितलं.

त्या आठवड्यात शेडवाला दुकानात आला. वाढदिवसाचा एक छोटा बोर्ड करायचा होता. काम झाल्यावरही तो उठेना. माझ्या स्क्रीनवर दादाचा फोटो होता, कारण पुणेवाल्याला तोच मोबाइलच्या स्टेटससाठी लहान करून हवा होता.

“हे तुमचे सख्खे भाऊ?” त्यानं विचारलं.

“हाव.”

“किती महिन्यांत एवढे उतरले?”

मी सांगितलं. तो फोटोकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “ताई, एक सांगतो, राग मानू नका. व्यायामानं पोट उतरलं तर खांदा भरला पाह्यजे. यांचा खांदा पाहा. मान पाहा. यांचं तर सगळंच उतरलं. एकदा यांची शुगर तपासून घ्या.”

मी म्हणाले, “तुम्ही डॉक्टर आहे का?”

“नाही. माह्या बापाले पाह्यलं होतं असं होताना.”

तो गेल्यावर मी खूप वेळ चिडून बसले होते. ज्या माणसानं गावातल्या दुसऱ्या जिमला विदर्भातली पहिली म्हटलं, तो आता माझ्या भावाच्या मेहनतीला रोग म्हणत होता. त्याचा डाव मला स्वच्छ दिसत होता. मी हे दादाला सांगणार, दादा घाबरून जिम सोडणार, बोर्ड खाली येणार. मी पुणेवाल्याला सांगितलं तर तो हसला. “जळतो तो. पुढच्या आठवड्यात तुमचा भाऊ मेला अशी बातमी पसरवेल.”

मी दादाला सांगितलं नाही. वहिनीलाही नाही.

पण शंका एकदा डोक्यात शिरली की तिला जागा लागतेच. एका रविवारी दादा वहिनीसोबत माझ्याकडे जेवायला आला आणि एका बैठकीत तांब्याभर पाणी प्याला. मग दुसरा तांब्या मागितला. मी म्हटलं, “एवढं पाणी काऊन पितो?”

“जिमच्या सरांनी सांगतलं. पाण्यानं चरबी जळते.”

खरंच तसं सांगितलं होतं. पुणेवाल्याच्या पत्रकावर ‘दिवसाला चार लिटर पाणी’ असं मीच टाइप केलं होतं. वहिनी स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, “रात्रीतून चार-पाच वेळा उठतात, ताई. मले तर झोपच नाही.” पाणी पितो म्हणून उठतो, असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं. दादाला शाळेचं रजिस्टर अंधुक दिसायला लागलं होतं. तर चष्म्याचा नंबर बदलला असेल. त्याला सारखं थकल्यासारखं वाटायचं. तर व्यायाम करतो म्हणून. प्रत्येक गोष्टीला जिमचं कारण लागू पडत होतं.

मला मात्र वेगळाच संशय यायला लागला. दादा रोज व्यायामानंतर तिथे एक पेला पावडर पाण्यात घालून प्यायचा. पुणेवाला त्याला ती एका काळ्या डब्यातून द्यायचा. मला वाटलं, यात काहीतरी आहे. मोठ्या शहरातून कसलं तरी औषध आणून हा गावातल्या लोकांना पाजतो आणि वजन उतरवून दाखवतो. शेडवाल्यालाही ते ठाऊक असणार, म्हणून तो आडून बोलला. आठवडाभर मी हेच धरून बसले होते. शेवटी एका पहाटे दादाच्या मागोमाग जिन्यानं वर गेले.

आत गाणी चालू होती. दादा एका बाकावर बसला होता, हातात डंबेल घेऊन, पण उचलत नव्हता. मी सरळ काउंटरवरचा काळा डबा उचलला.

“यात काय आहे?” मी विचारलं.

“प्रोटीन आहे, ताई.”

“कसलं?”

पुणेवाल्यानं आजूबाजूला पाहिलं. मी झाकण काढून वास घेतला. तो वास माझ्या ओळखीचा होता. मी चिमूटभर तोंडात टाकलं. फुटाण्याचं पीठ होतं. त्यात थोडी कोको पावडर.

तो इतक्या हळू आवाजात बोलला की पुण्याची भाषा पार गळून पडली. “ताई, कोणाले सांगू नका. डब्याची इंपोर्टेड पावडर इथं कोणाले परवडत नाही. मी घरीच दळून आणतो. मायच भाजते फुटाणे. पण फुटाण्याचं पीठ म्हटलं तर कोणी पिणार नाही.”

मला हसू आलं. खरं सांगते, मला फार सुटल्यासारखं वाटलं. एवढ्या दिवसांचा संशय फुटाण्याच्या पिठावर येऊन संपला. फुटाण्यानं कोणाला काही होत नाही. म्हणजे दादा ठीक होता, शेडवाला खोटा होता.

मी वळून दादाला हे सांगायला गेले. तो अजून तसाच बसला होता. जवळ गेल्यावर दिसलं, त्याच्या ओठांवर पांढरी साय आली होती आणि त्याची मान मागून दोन दोऱ्यांसारखी दिसत होती. इतके दिवस मी त्याला रोज बघत होते, पण तो फोटो काढल्यानंतर नीट पाहिलं नव्हतं.

“दादा, उठ. आपण दवाखान्यात जाऊ.”

“काऊन वं? मले काय झालं?”

“काही नाही. शुगर पाहू.”

“आपल्या घरात कोणाले शुगर नाही,” तो म्हणाला. उठला मात्र, आणि उठताना त्यानं माझा हात धरला.

दवाखान्यात कंपाउंडरनं बोटाला सुई टोचून यंत्रात थेंब घातला. आकड्याऐवजी त्यावर इंग्रजीत नुसतं ‘हाय’ आलं. दादानं ते वाचलं आणि म्हणाला, “हे काय, नमस्कार करून राह्यलं का मले?” कंपाउंडर हसला नाही. तो आत डॉक्टरकडे गेला. शुगर इतकी चढली होती की ते छोटं यंत्र तिचा आकडा दाखवू शकत नव्हतं.

दादा चार दिवस दवाखान्यात होता. सलाइन, इन्सुलिन, दर तासाला बोटातून रक्त. डॉक्टर म्हणाले, अजून थोडे दिवस गेले असते तर बेशुद्ध अवस्थेतच आणावं लागलं असतं. शरीराला अन्न लागत नव्हतं, म्हणून ते स्वतःलाच खात होतं. दादानं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

“मंग वजन व्यायामानं उतरलंच नाही का?”

“पहिलं थोडंफार उतरलं असेल. बाकीचं आजारानं,” डॉक्टर म्हणाले.

दादा भिंतीकडे तोंड करून झोपला. वहिनीला वाटलं, तो आजाराला घाबरला. मला कळलं की तसं नव्हतं. जन्मभर लोक ज्या अंगाला हसले त्याचं त्यानं काहीतरी केलं होतं, गावानं ते बसस्टँडसमोर पाहिलं होतं, आणि आता ते त्यानं केलंच नव्हतं असं ठरलं.

मी पुणेवाल्याकडे गेले आणि म्हणाले, बोर्ड काढ. तो आधी ऐकेना. “ताई, फोटो खोटा आहे का? तुम्हीच काढला. पोळ्यापर्यंत राहू द्या.” मी म्हणाले, आज काढला नाहीस तर फुटाण्याचं गावाला सांगीन. हे बोलताना मला माझीच लाज वाटली, कारण ते फुटाणे बिचारी त्याची आई भाजत होती. संध्याकाळी त्यानं स्वतः शिडी लावून बोर्ड उतरवला आणि गुंडाळी करून दवाखान्यात आणून दिला. दादाच्या पायाशी उभा राहिला आणि म्हणाला, “मले काही समजलं नाही, भाऊ. वजनच पाहत राह्यलो.” त्याचे डोळे भरले होते. मी तेव्हाही विचार करत होते, हे खरं आहे की याला आता बदनामीची भीती आहे. पुढे वहिनीनं तो फ्लेक्स उलटा करून सोयाबीनच्या पोत्यांवर घातला.

यानंतर मी एका गोष्टीची वाट पाहत होते. शेडवाला येणार आणि नवा बोर्ड मागणार. ‘त्यांच्याकडे वजन उतरत नाही, माणूस उतरतो’ असलं काहीतरी. ते मी छापणार नव्हते, नोकरी गेली तरी. पंधरा दिवसांनी तो आला. खुर्चीवर बसला. आधी दादाची तब्येत विचारली. मग खिशातून एक कागद काढला. त्यावर लिहिलं होतं, ‘शुगर व बी.पी. तपासल्याशिवाय प्रवेश नाही.’

बाकी काही नाही. पहिली नाही, इंपोर्टेड नाही. दादाचा उल्लेखही नाही. तरी गावात ज्याला त्याला त्याचा अर्थ कळणार होता.

मी माउस सोडला आणि विचारलं, “त्या दिवशी तुम्ही मला खरंच सांगत होते, का गिऱ्हाईक तोडत होते?”

“दोन्ही, ताई. त्याचा बोर्ड खाली यावा असं मले वाटत होतं. खोटं काऊन बोलू? पण माह्या बापाचा पाय या शुगरपायी कापला. तेही खरं होतं.”

इतक्या वर्षांत कुठल्याच गिऱ्हाइकानं मला इतकं सरळ उत्तर दिलं नव्हतं. मी बोर्ड करून दिला. आठवड्यात पुणेवाला आला, ‘मोफत तपासणी, तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली’ असं घेऊन. मी म्हणाले, डॉक्टर कोण ते सांग, तर टाइप करते. तो चिडून गेला. दोन दिवसांनी खरंच एका डॉक्टरचा होकार घेऊन आला. मी त्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, महिन्यातून एकदा येईन असं बोललो आहे. मग मी देखरेख काढली आणि महिन्यातून एकदा असं लिहिलं. पुणेवाल्याला ते आवडलं नाही, पण त्यानं बोर्ड लावला.

दादा आता इन्सुलिन घेतो. वजन थोडं परत चढलं, गाल भरले. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तो पुन्हा त्याच जिममध्ये जायला लागला. मी म्हटलं, शेडमध्ये जा, तिथे तपासतात तरी. तो म्हणाला, “तपासाले दवाखाना हाय. इथं माह्या ओळखीचे लोक हायेत.”

एक गोष्ट मात्र माझ्या पोटात राहिली होती. शेडवाल्यानं सांगितल्यापासून दवाखान्यात जाईपर्यंत सहा आठवडे गेले होते, आणि ते दादाला ठाऊक नव्हतं. एका रविवारी तो वहिनीला घेऊन माझ्या घरी आला, तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. शेडवाला काय बोलला, मी का चिडले, का लपवलं.

दादानं चहाचा कप खाली ठेवला. “सांगतलं असतं तरी मी ऐकलं नसतं,” तो म्हणाला. “त्या टायमाले मले कोणी काही सांगू शकत नव्हतं. उलट तुह्यावरच बिगडलो असतो.”

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. माझं मन राखायला हा असं म्हणतो का, ते शोधत होते. मला कळलं नाही. त्यानं उरलेला चहा संपवला, वहिनीला निघायचं म्हणून हाक मारली, आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेला.